दोरगल्लीत आज खरंच काय झालं

मंगळवार, ३ मार्च

लिही, सूनबाई. पहिलं वाक्य असं लिही की ही वही सांगणारी म्हातारी अक्षरशत्रू आहे आणि लिहिणारी तिची सून आहे. म्हणजे अक्षर वाकडं आलं तर ते तुझं, आणि बोलणं वाकडं आलं तर ते माझं.

वहीचं कारण पेपर. सून रोज सकाळी वाचून दाखवते. आज पहिल्याच पानावर होतं, ‘दोरगल्लीत दिवसभर घबराट’. काल दिवसभर मी दोरगल्लीतच होते, दाराशी बसून ताग विंचरत. सकाळी दूध उतू गेलं. दुपारी चष्मेवाल्याची मांजर आमच्या तागाच्या ढिगात बाळंत झाली. घाबरलेलं कुणी दिसलं नाही, मांजरसुद्धा नाही.

पेपरवाल्यांच्या भाषेत दोरगल्ली म्हणजे पैशाचा बाजार. तो बाजार पाच वर्षांपूर्वी खाडीपलीकडे काचेच्या इमारतींत गेला. जाताना खुर्च्या नेल्या, पंखे नेले, भिंतींतले खिळेसुद्धा उपटून नेले. नाव मात्र अजून इथलंच लावतात. दोरगल्ली खूश, दोरगल्ली नाराज, दोरगल्लीला नवा कर पसंत नाही. साठ वर्षं मी इथे राहते. मला काय पसंत आहे हे कुणी एकदाही विचारायला आलं नाही.

तर आजपासून इथे खरंच काय झालं ते लिहिलं जाईल. दुपारी जेवणं झाल्यावर, ऑर्डरच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर.

आज एवढंच झालं. माझ्या मुलानं जेवताना दोनदा चमचा पाडला. पन्नाशी गाठली तरी ताटात लक्ष नाही.

लिहिलंस का? थांबलीस म्हणून विचारलं.

गुरुवार, ५ मार्च

आज मात्र घबराट झाली.

सकाळी नऊच्या सुमाराला शंभर-दीडशे माणसं गल्लीत शिरली. कुठलीशी बचतीची कंपनी बुडाली म्हणे आणि त्यात यांची आयुष्यभराची पुंजी गेली. हातात फलक होते. सुनेनं वाचले, ‘दोरगल्ली चोर आहे’, ‘दोरगल्ली, जबाब दे’. आता दोरगल्लीत आम्ही दोर वळणारे, चष्मेवाला, कुलपं दुरुस्त करणारा आणि एक बंद पडलेला छापखाना. जबाब कुणी द्यायचा?

सगळ्यांच्या पुढे छत्री घेतलेली एक निवृत्त मास्तरीणबाई होती. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, बाई, तुमचे लोक खाडीपलीकडे राहतात, इथे कुणी नाही. ती पाणी पिऊन म्हणाली, “ठाऊक आहे मला. तिथे फाटकावर पहारा आहे, आत सोडत नाहीत. इथे कुणी अडवत नाही.”

तेवढ्यात मागून कुणीतरी दगड मारला. चष्मेवाल्याची काच फुटली आणि मांडलेले सगळे चष्मे रस्त्यावर पसरले. मास्तरीणबाई आरडाओरडा सोडून खाली बसली आणि चष्मे वेचू लागली. माझा मुलगा नुसता उभा. एक चष्मा वाकून उचलला नाही. हातमोजे घालून, मुठी मिटून, पाहुण्यासारखा बघत राहिला. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, पण कधी उघडशील की नाही?

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकाला बोलले आणि सुनेला लागलं. दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. हेही लिही.

रविवार, ८ मार्च

गल्लीची सभा झाली. फुटलेल्या काचेपुढेच. चष्मेवाल्याचं म्हणणं, नावच बदलून टाकू. काहीही ठेवा, निदान दगड तरी चुकतील. कुलूपवाल्यानं मान डोलावली. तो कशालाही डोलावतो, पण यावेळी मनापासून.

मी म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, तर संन्याशानं नाव बदलायचं का? चष्मेवाला म्हणाला, मावशी, काच तुमची फुटलेली नाही.

त्याचं चूक नाही, म्हणूनच जास्त राग आला.

या नावाचं काय झालं ते एकदा नीट लिहून ठेव. दोर वळायला लांब आणि सरळ जागा लागते. ही गल्ली तीनशे पावलं लांब आणि ओळंब्यात धरल्यासारखी सरळ, म्हणून आमचे लोक इथे आले. सकाळच्या दमट हवेत ताग मऊ असतो, तेव्हा काम चालायचं. ऊन चढलं की बंद. मग दुपारी अख्खी गल्ली मोकळी. दोर न्यायला आलेले जहाजांचे मालक आणि दाण्याचे व्यापारी सावलीला थांबायचे. कुणाचं जहाज येणार, कुणाचं बुडालं, याच्या गप्पा व्हायच्या. गप्पांवरून पैजा, पैजांवरून सौदे. माझ्या सासूबाईंच्या सासूबाई त्यांना बसायला स्टुलं द्यायच्या, आण्याला एक. स्टुलावर बसलेली माणसं पुढे वरच्या खोल्यांत बसली, मग त्यांनी इमारत बांधली. आम्ही सकाळी दोर वळायचो, ते दुपारी माणसं वळायचे. लोक म्हणायला लागले, ‘दोरगल्लीत विचारून येतो’. विचारायचं त्यांना, नाव आमचं. असं करत करत नाव तिकडे सरकलं, आणि आमच्याकडे राहिला ताग.

मंगळवार, १० मार्च

बाजाराचा माणूस आला होता. इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. मी त्याला तोंडावर गुळगुळीत म्हणाले नाही, इथेच म्हणते.

त्यालाही नाव हवंय. म्हणजे गल्लीवाल्यांना नको आणि त्याला हवं, दोन्हीकडून माझंच मरण. पलीकडच्या काचेच्या वस्तीला सरकारी कागदावर दोरगल्ली हे नाव लावायचंय. शंभर वर्षांचं नाव आहे, म्हणाला, परदेशांतसुद्धा लोक या नावावर भरवसा ठेवतात. मी म्हटलं, परवा काही भरवसा ठेवणारे इथे येऊन गेले, तुम्ही नव्हतात. तो हसला. हसतानाही कुठे सुरकुती पडली नाही.

एका शहरात एका नावाच्या दोन जागा नकोत, म्हणून या गल्लीला नंबर मिळेल. सतरा. म्हटलं, नाव नेताय तर गटारही घेऊन जा, तेही जुनंच आहे.

अडचण एकच आहे आणि ती आमच्या दुकानात चौकटीत टांगलेली आहे. नगरपालिकेचा जुना ठराव. सुनेनं काच पुसून वाचला. या गल्लीत वर्षातून एकदा तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर वळला जाईल, तोवर हिचं नाव दोरगल्ली राहील आणि सकाळी आठपर्यंत हिच्यात गाडी शिरणार नाही. कागद माझ्या नवऱ्याच्या मागे माझ्या नावावर आहे. मी हक्क सोडला असा अंगठा दिला की विषय संपला.

नाव गेलं तर सकाळही गेली. सकाळी गाड्या शिरल्या तर दोर वळायचा कुठे, माझ्या डोक्यावर?

अंगठा दिला नाही. गुळगुळीत साहेब जाताना मुलाशी बाहेर बराच वेळ बोलत होता. मला लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं धूसर. लांबून दिसलं की मुलगा मान हलवतोय. हो म्हणून की नाही म्हणून, ते पाठीकडून कळेना.

गुरुवार, १२ मार्च

नगरपालिकेत जाऊन आले. खिडकीवरच्या माणसानं तीन कागद मागितले. मी माझं वय सांगितलं, तेव्हा कुठे एकावर आला.

निकाल असा. ठराव अजून जिवंत आहे. पण वर्षातून एकदा अख्खा दोर वळला जातो हे दाखवावं लागेल. गेली सहा वर्षं गल्लीभर दोर आम्ही वळलेलाच नाही. जहाजांना नायलॉन पुरतो, आमच्याकडे येतात ते झोपाळ्याचे आणि विहिरीचे तुकडे. एकवीस तारखेला नगरपालिकेचा टेपवाला येऊन मोजणार.

मी खूश होऊन घरी आले आणि सांगितलं. मुलगा चहा पीत होता, दोन्ही तळव्यांत कप धरून, लहान बाळासारखा. म्हणाला, “आई, कशाला? जाऊ दे ना नाव.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घरात सुंभ शाबूत आणि पीळ गेला.

रविवार, १५ मार्च

ताग आला. तो विंचरणं, सूत काढणं, सुताचे तीन जाड पेड करणं, हे सगळं आठवड्यात व्हायला हवं. मी विंचरते, सून सूत काढते, एक रोजंदारीचा माणूस चाक फिरवतो. मुलगा देखरेख करतो. देखरेख हा नवीन धंदा आहे, त्यात उभं राहायचं असतं.

दुपारी कुणा मित्राकडे जातो म्हणून गेला, तिसऱ्यांदा. येताना अंगाला निलगिरीचा वास. कुठला मित्र आहे हा, जो निलगिरी लावतो? त्यात सकाळी बघितलं तर शर्टाची बटणं बायको लावून देत होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर हे लाड. आमच्या वेळी नवऱ्याकडे बघायलासुद्धा कारण लागायचं.

सूनबाई, लाजलीस की रडतेस? कांदा नाही चिरलेला आज.

सोमवार, १६ मार्च

पेपरात, ‘दोरगल्ली सावरली’. इथे नळ गळतोय.

गुरुवार, १९ मार्च

आज भांडण झालं. सगळं लिही, गाळू नकोस.

गुळगुळीत साहेबाचं आणि मुलाचं काय चाललंय ते कुलूपवाल्याकडून कळलं. पलीकडे काचेच्या इमारतीत खाली एक दालन करणार आहेत, जुनं चाक, जुना दोर, भिंतीवर फोटो. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगायची नोकरी यानं मागितली आहे. त्यांनी देऊ केली नाही, यानं मागितली. बसून करायचं काम आहे, म्हणाला.

मला जे सुचलं ते बोलले. तुझे वडील ताप अंगात असताना दोरासोबत चालले, तुला खुर्ची हवी. तुझ्या हातांना दोर काय चावतो का? बापाचं नाव विकून पंख्याखाली बसणार. सगळं बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “शनिवारी वळू आपण दोर. लाकूड मी धरीन.”

लाकूड म्हणजे तीन खाचांचा मोठा लाकडी भोवरा, धरायला आडवा दांडा असलेला. तीन पेड त्या तीन खाचांतून येतात आणि लाकडामागे एकमेकांत गुंफून त्यांचा दोर होतो. ज्याच्या हातात लाकूड, तो ते घट्ट दाबून धरून गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलट्या पावलांनी चालतो. पकड सैल झाली की दोर पोकळ. ते काम घरच्यानंच करायचं असतं.

मी म्हटलं, उपकार झाले.

शनिवार, २१ मार्च

सहा वाजता गल्लीच्या दोन्ही तोंडांना बाकं आडवी लावली. हवा हवी तशी दमट. तीन पेड टोकापासून टोकापर्यंत ताणले. खालच्या टोकाला चाक, वरच्या टोकाला दगड भरलेली ढकलगाडी. दोर वळताना आखडत जातो, तशी ती गाडी ओढली जाऊन पुढे सरकते.

रोजंदारीचा माणूस आला नाही. चाकावर कोण? चष्मेवाला दारात उभा राहून बघत होता. गल्लीचं नाव जावं अशी ज्याची इच्छा, तो बाह्या सरसावून पुढे आला. म्हणाला, मावशी, माझं मत बदललेलं नाही, पण तमाशा नीट व्हायला हवा. मास्तरीणबाई छत्री घेऊन पुन्हा आली होती. तिला पाण्याचा डबा दिला आणि पेड ओले करायला लावलं. पैसे गेलेल्या माणसाला हाताला काम बरं वाटतं.

मुलगा आणि सून घरातून उशिरा आले. त्याच्या हातावर मोज्यांवरून जाडजूड फडकं गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, तळहात सोलू नयेत म्हणून, खुर्चीसाठी जपतोय. बोलले नाही, एवढ्यासाठी मला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं.

चाक फिरलं. तो लाकूड घेऊन वरून निघाला, उलट्या पावलांनी. मी चाकाजवळ बसले होते, तिथून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. सून त्याच्या बाजूनं चालत होती. त्याची पाठ त्याच्या वडिलांसारखी, चालही तशीच. आणि दोर काय सुंदर पडत होता. घट्ट, गोल, एक गाठ नाही की एक पोकळी नाही. चष्मेवालासुद्धा वाह म्हणाला. पाऊण तास लागला. तो चाकापर्यंत पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. सुनेनं त्याला लगेच घरात नेलं. लाकूड खाली ठेवलं नाही, तसंच हातात.

टेपवाल्यानं टेप काढला. चाकापासून मोजत मोजत गेला आणि चष्मेवाल्याच्या दाराशी थांबला. ढकलगाडी तिथवर सरकली होती. म्हणाला, दोनशे दहा पावलं भरला, गल्ली तीनशेची आहे.

मी त्याला समजावलं. बाबा रे, दोर वळला की आखडतो. पीळ कशातून येतो? लांबीतूनच येतो. आम्ही गल्लीभर दोर म्हणतो तो असाच मोजतो, ताग ताणतो तिथे. माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या वडिलांनी, सगळ्यांनी असाच मोजला. तो म्हणाला, मला पटतं, पण कागदावर दोर लिहिलंय, ताग नाही. तो ठराव लिहिणारा आमच्याच जातीचा कुणीतरी कामसू माणूस असणार. त्याला वाटलं नसेल की एक दिवस ज्यानं दोर कधी हातात धरला नाही तो मोजायला येईल.

टेपवाला वाईट माणूस नाही. त्यानंच तोड काढली. वरच्या टोकाला मोठा रस्ता, त्यापलीकडे मैदान. महिन्याभरानं एका सकाळी रस्ता बंद ठेवायची परवानगी तो काढून देईल. पेड मैदानापासून ताणले तर दोर बरोबर तीनशे भरेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला म्हणाला, चाक मीच फिरवणार.

मी मुलाला सांगायला घरात गेले. पाय वाजत नाहीत माझे. सून खाली बसून त्याच्या हातावरचं फडकं सोडत होती. फडकं हातावर गुंडाळलेलं नव्हतं. त्याच्या मुठी लाकडाच्या दांड्याला बांधलेल्या होत्या.

मी तशीच मागे फिरले. आज पुढे काही सांगत नाही.

रविवार, २२ मार्च

मीच विषय काढला. हे सांगताना सूनबाई, तू लिहीत राहा, मान वर करू नकोस.

तिला विचारलं, केव्हापासून? तर दोन वर्षं. बोटं वळतच नाहीत, सांधे गेलेत. सकाळी तासभर गरम पाण्यात धरली की थोडी उघडतात. तो निलगिरीवाला मित्र म्हणजे मालिशवाला. डॉक्टरनं दोर कधीच बंद करायला सांगितला होता. मी म्हटलं, आणि मला? रोज दुपारी मी त्याला शिव्या घालत होते आणि तू त्या सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होतीस. एकदा तोंड उघडता आलं नाही?

ती म्हणाली, “त्यांनी शपथ घातली होती, आई. म्हणाले, तिला दोराशिवाय दुसरं काही नाही.”

पन्नास वर्षांचा मुलगा, आणि माझ्याबद्दल त्याला एवढीच माहिती.

तिनं सांगितलं की परत वळायलाही तो तयार आहे. तीनशेच्या दोराला साडेचारशे पावलं पेड लागतील. तेवढं चालायचं, मुठी बांधून. कालच्या दीडपट. डाव्या हाताची दोन बोटं रात्रीपासून सरळ होत नाहीयेत. तरी म्हणतो, आईला सांगू नकोस, एक महिना आहे, होईल.

मंगळवार, २४ मार्च

अंगठा दिला.

गुळगुळीत साहेबाला बोलावून घेतलं. तो चार माणसं आणि शाईचा डबा घेऊन आला. कागद वाचून दाखवायला निघाला, म्हटलं, राहू दे, मला नावाचं काही पडलेलं नाही. एक अट घातली. ती बसून करायची नोकरी माझ्या मुलाला, आणि ती मी मागितली हे त्याला कळता कामा नये. तो हो म्हणाला. त्याला बहुधा वाटलं म्हातारी शेवटी व्यवहाराला आली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती पडलेली पाहिली.

मग चष्मेवाला आला. त्याच्याच मनासारखं झालं तरी तोच चिडला. म्हणाला, मावशी, टेपवाला परवानगी काढतोय, मी चाकाला तेल आणून ठेवलंय, आणि तुम्ही शेण खाल्लंत. किती दिले त्यांनी? सगळी गल्ली हेच विचारतेय. कुलूपवाल्यानंसुद्धा आज मान डोलावली नाही. मास्तरीणबाई छत्री उघडून, ऊन नसताना, तिच्याखालून निघून गेली.

मी सगळ्यांना एकच सांगितलं, कंटाळा आला. या वयात कोण महिनाभर ताग विंचरणार?

मुलगाही विचारायला आला. समोर उभा राहिला, हात मागे. माझ्यासाठी दिलास का अंगठा, असं विचारायचं असेल त्याला. विचारू दिलं नाही. म्हटलं, तुझा दोर बरा पडला होता परवा, पण तुझ्या वडिलांच्या मानानं ढिला. असला दोर पुन्हा बघायची माझी इच्छा नाही, माझी लाज जाते. तो चिडला. खूप दिवसांनी नीट चिडला. तरातरा बाहेर गेला, आणि चिडलेल्या माणसाच्या मनात अपराधीपणाला जागा उरत नाही.

ही वही त्याच्या हाताला लागू देऊ नकोस. तू एक गुपित दोन वर्षं सांभाळलंस, आता माझं सांभाळ. एकाची शपथ आणि दुसरीची वही, कठीण आहे खरं. पण सून म्हणून आलीस तेव्हा सोपं असेल असं कुणी सांगितलं होतं?

गुरुवार, २६ मार्च

पेपरात, ‘दोरगल्लीचा नवा पत्ता’. पलीकडच्या काचेचा मोठा फोटो आहे म्हणे. मला काय, धूसरच दिसणार.

आज सहा वाजता गल्लीत पहिली गाडी आली, माल उतरवणारी. मी सवयीनं रस्त्याच्या मधोमध उभी होते. हातात ताग नव्हता, तरी पाय तिथेच गेले. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, आधी एकदा, मग लांबलचक. मी भिंतीशी सरकले. गाडी शेजारी आली तेव्हा काच ठोठावून त्याला थांबवलं. भांडण होणार म्हणून त्यानं आधीच तोंड वाकडं केलं.

म्हटलं, बाबा, रस्ता तुझा आहे, खुशाल जा. फक्त हॉर्न वाजवू नकोस. वर माझा मुलगा अजून झोपलाय.